पाद्र्याच्या टकलावर जाण्यास हरकत नसल्याबाबत

डोंगर सुरक्षित आहे की नाही, हे डोंगराला विचारून काही उपयोग नसतो. ते शेजाऱ्याला विचारायचं असतं.

आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. गाव अमेरिकेतल्या मॉन्टानातलं, खिंडीच्या पायथ्याशी. दोन बार, एक चर्च आणि माणशी दोन जोड स्की. चांगला जोड जानेवारीसाठी. तळाला चरे पडलेला जुना जोड नोव्हेंबरसाठी, त्याला आम्ही ‘दगडाच्या स्की’ म्हणतो. नोव्हेंबरात बर्फ पातळ, खाली दगड आणि ओंडके असायचेच, आणि ते आपल्याला लागायचेच, हे आधीच मान्य करून त्यासाठी वेगळं सामान बाळगायचं, याला आमच्याकडे सावधगिरी म्हणतात. (डोकं मात्र तेच वापरतात. त्याचा जुना जोड मिळत नाही.)

लिफ्ट, तिकीट, कठडे असल्या बायल्या गोष्टी आम्हाला चालत नाहीत. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, आपल्या पायांनी डोंगर चढायचा, आणि पट्ट्या काढून घसरत यायचं. कुठल्या दिवशी, एवढाच प्रश्न. तो सोडवायची आमची पद्धत पूर्णपणे शास्त्रीय आहे.

पहिल्यांदा हिमस्खलन कार्यालयाचं पत्रक वाचायचं. कार्यालय डिसेंबरात उघडतं. तोवर पत्रक नसतं, म्हणून धोकाही नसतो. कार्यालयच बंद असेल तर बर्फ कोसळणार कोणाच्या परवानगीनं?

मग बर्फात खड्डा खणायचा. कडेला बर्फाचा खांब कोरायचा, त्यावर फावडं ठेवायचं आणि थापट्या मारायच्या. खांब टिकला तर जायचं. कोसळला तर खड्डा चुकीच्या जागी खणला असं समजून दुसरा खणायचा. पाच खड्ड्यांत एक तरी समंजस निघतोच.

आणि शेवटी, वरच्या दोन्हींवर मात करणारी कसोटी म्हणजे खिंडीतलं पार्किंग. तिथे कोणाची गाडी उभी असेल तर उतार सुरक्षित. नसेल तर घरी येऊन कॉफी प्यायची आणि गाव किती भित्रं झालंय यावर बोलायचं.

आता ओरिन हॉगलंडबद्दल. ओरिन छपरं बसवतो. गेल्या मार्चमध्ये त्याचा उजवा गुडघा एका झाडानं घेतला. डॉक्टर प्रुइटनी तो परत जोडला आणि सांगितलं, “आता एकदा जरी दणका बसला ना ओरिन, तर पुढचा बर्फ खिडकीतून बघायचा.” त्याची बायको डेल्फिन हिनं अख्खा उन्हाळा त्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून गुडघा वाकवायला लावला. तो ओरडायचा, ती मोजायची. शेवटी तिनं वचन घेतलं.

“सुरक्षित असल्याशिवाय जायचं नाही.”

“नाही जाणार.”

“तुझ्या मते सुरक्षित नव्हे. खरंच सुरक्षित.”

“अगं, दुसरं कोणीतरी जाऊन आल्याशिवाय पाऊल नाही टाकणार! मग तर झालं?”

तिला ते पटलं. ती आमच्याच गावची आहे.

तेव्हापासून ओरिन गावातला सगळ्यात सावध माणूस झाला. शिडीवरूनही तो असा उतरायचा, जणू शिडीच आजारी आहे. सगळं गाव त्याच्याकडे आदरानं बघायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

नोव्हेंबरात बर्फ पडला. एका शुक्रवारी संध्याकाळी ओरिन खिंडीत ‘फक्त बघायला’ गेला. (स्की आणि बूट पिकअपमध्येच होते. फक्त बघायला जातानाही ते लागतात.) पार्किंगमध्ये एकही गाडी नव्हती. कोपऱ्यात मार्नी कॉस्कीनं लावलेला फलक होता. मार्नी म्हणजे आमचं हिमस्खलन कार्यालय. तेवढी एकच बाई आहे. कार्यालय उघडायच्या आधीच, स्वतःच्या वेळात, वर जाऊन बर्फ तपासून ती हा फलक लावते. गाव तिचं सगळं ऐकतं, उन्हाळ्यात.

अंधार पडत होता. ओरिननं पिकअप फलकाच्या नाकासमोर उभी केली, दिवे चालू ठेवले, आणि सावध माणसानं वाचावा तसा फलक दोनदा वाचला: ‘खाली गवत, गवतावर साखरेसारखे सुटे दाणे, वर जड बर्फ. पाद्र्याचं टक्कल चढू नका. अजून नको.’ पाद्र्याचं टक्कल हा आमचा लाडका उतार. ओरिननं मान डोलावली, पलीकडे जाऊन लघवी केली, बराच वेळ उताराकडे प्रेमानं बघितलं आणि परत आला. तोवर दिव्यांनी बॅटरी पिऊन टाकली होती. बर्फ लोटणाऱ्या गाडीत बसून तो घरी गेला. पिकअप फलक झाकून तिथेच उभी राहिली.

शनिवारी पहाटे डॉक्टर प्रुइट सहज बघायला आले. बघतात तर ओरिनची पिकअप.

“ओरिन गेलाय?” डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. “माझा गुडघा घेऊन?” त्यांना गहिवरून आलं. ओरिनसारखा माणूस वर गेलाय म्हणजे त्यानं सतरा खड्डे खणून बघितले असणार. डॉक्टर निघाले. नंतर आलेल्यांना दोन गाड्या दिसल्या, त्यानंतरच्यांना तीन. आमची सातवी. सुरक्षितता अशी दर दहा मिनिटांनी वाढत होती. नऊ वाजेपर्यंत पाद्र्याचं टक्कल त्याच्या चर्चइतकंच सुरक्षित झालं होतं, गर्दी मात्र जास्त होती.

दहा वाजता ओरिन आणि डेल्फिन बॅटरीला जोडायच्या वायरी घेऊन आले. पार्किंग भरलं होतं.

“डेल्फिन,” ओरिन हळूच म्हणाला, “ती डॉक्टरांची गाडी.”

डेल्फिननं सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवली. “काल तर फलक होता म्हणालास.”

“काल होता. आज डॉक्टर आहेत.”

“मी गाडीत बसते. हळू जा. आणि गुडघा सांभाळ.”

वायरी जोडायच्या राहून गेल्या.

तासाभरानं ओरिन धापा टाकत उताराच्या वरच्या कडेशी पोचला, तेव्हा आम्ही सगळे तिथे खोळंबलो होतो. खाली उतरल्याचा एकही माग बर्फावर नव्हता. वर आलेला प्रत्येक जण पहिल्याचा माग शोधत होता.

“हा बघा आला!” डॉक्टर ओरडले. “काय रे, कुठून उतरलास तू?”

“मी? मी आत्ता येतोय.”

“चल! तुझी पिकअप पहाटेपासून उभी आहे.”

“कालपासून उभी आहे. बॅटरी गेली. मी तर तुमची गाडी बघून आलो, डॉक्टर!”

“अरे गाढवा, मी तुझी बघून आलो!”

आम्ही सगळे मनात गाड्या मोजू लागलो. एवढी माणसं एकाच वेळी विचार करतायत असा प्रसंग आमच्या गावात दुर्मीळ. त्या शांततेत पायाखालून आवाज आला, भरल्या पोटी खुर्चीत बसणाऱ्या म्हाताऱ्यासारखा: ‘हुप्प.’

मग टक्कल सुटलं. बर्फ, गवत, डॉक्टर, सगळं एकाच वेगानं, कुठलाही भेदभाव न होता खाली गेलं आणि पायथ्याच्या झुडपांत थांबलं. नुकसान पुढीलप्रमाणे: स्की बऱ्याच (सगळ्या दगडाच्याच, म्हणजे पद्धत यशस्वी); डॉक्टरांचे दोन दात; माझ्या डब्यातलं सँडविच. जीव कोणाचाच गेला नाही. त्याचं श्रेय झुडपांना आहे, आम्ही ते अनुभवाला दिलं.

डेल्फिन धावत आली. ओरिन कमरेपर्यंत बर्फात रुतला होता.

“गुडघा!” ती किंचाळली. “ओरिन, गुडघा!”

“एकदम ठीक!” ओरिन पांढराफटक पडून म्हणाला. “खरचटलंसुद्धा नाही. डावा गेला.”

डेल्फिननं त्याच्या टोपीत बर्फ भरला आणि ती त्याच्या डोक्यावर दाबून बसवली. त्या स्टुलावर आता पुन्हा ओरडणं आणि मोजणं चालू आहे, पाय तेवढा बदललाय.

फलक दिसावा म्हणून मार्नीनं पिकअप ओढून न्यायला लावली. पुढच्या शनिवारी शेजारच्या गावचे लोक आले. त्यांना कळलं होतं, की सावध ओरिनची पिकअप इथे आठवडाभर उभी होती, आणि आज ती नाही. म्हणजे गडी सुखरूप परतला. फलकासमोरची मोकळी जागा मोक्याची होती. त्यांनी तिथेच गाडी लावली.

तुम्ही हसताय, आणि ते योग्यच आहे. तुमच्याकडे असला येडेपणा चालत नाही. मागे पुलावरून पाणी वाहत होतं, तेव्हा तुम्ही गाडी थांबवली होतीच की. पुढची एस.टी. पाण्यात शिरेपर्यंत.