हात न लावता

ही गोष्ट कुणाला खरी वाटत नाही. आजवर जितक्यांना सांगितली त्यातल्या एकानंही विश्वास ठेवलेला नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मी स्वतः या बाकावर बसून पाहिलं नसतं तर मीही ठेवला नसता. पण तुमची किल्ली घासून व्हायला वेळ आहे, आणि बाकावर जागा आहे, तेव्हा ऐका. पटली नाही तर किल्ली तेवढी घेऊन जा.

या दुकानाचे मालक कुलूपवाले काका. त्यांच्या हाताची कीर्ती अशी की ते रस्त्यानं चालायला लागले की दोन्ही बाजूंची कुलपं अंग चोरून बसायची. वाकडी तार, पत्र्याची पट्टी आणि कान, एवढ्यावर माणूस कुठलंही दार उघडायचा. असा माणूस एका सकाळी झोपेतून उठला, पण बोटं काही उठली नाहीत. दोन्ही हातांचे सांधे सुजून टम्म, जणू रात्रीतून कुणी पेरापेरात गोट्या बसवल्या होत्या. मूठ वळेना. वळली ती उघडेना. अकरा वाजत आले तशी बोटं हळूहळू जागी झाली आणि काही घडलंच नाही अशा थाटात कामाला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी काका गुपचूप डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर वयानं लहान, पण समजावून सांगणारी होती. “काका, हा संधिवात आहे. पण वयामुळं होतो तो नाही. तुमच्या शरीराचा राखणदार चळलाय. चोर सोडून घरमालकालाच बडवतोय.”

“मग काढून टाका त्याला.”

“काढता येत नाही. धाकात ठेवता येतो. गोळ्या देते. नेमानं घ्यायच्या, आणि मधेमधे रक्त तपासायला यायचं.”

“म्हणजे कधी जाईल?”

“जाईल असं नाही म्हणणार मी. पण तुमचं ऐकायला लागेल.”

काकांनी गोळ्या आणल्या आणि स्क्रूच्या डब्यात, स्क्रूंच्या खाली लपवल्या. लपवायचं कारण शेजारीच बसलेलं होतं. शेजारच्या गाळ्यात काकांचा मेहुणा मोबाइलची कव्हरं विकायचा. कव्हरं इतकी झाली होती की गिऱ्हाईक आत शिरलं तर त्याला बाहेर पडून श्वास घ्यावा लागे. काकांचा गाळा म्हणजे सासऱ्यांचा. म्हातारबुवा जाताना दोघांना सांगून गेले होते, की या दुकानात कुलपं उघडताहेत तोवर गाळा जावयाचा. ज्या दिवशी ते थांबेल त्या दिवसापासून मुलाचा. तेव्हापासून मेहुणा रोज सकाळी दुकान उघडलं की भिंतीपलीकडून विचारायचा, “दाजी, तब्येत काय म्हणतेय?” आणि उत्तर चांगलं आलं की त्याचा चेहरा उतरायचा.

तर एका सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं, शाळेतल्या बाई धावत आल्या. त्यांच्या घराचं दार ओढलं की बंद होणारं. बाई दूध घ्यायला बाहेर, किल्ली आत, आणि इस्त्री साडीवर ठेवलेली.

“काका, लवकर चला. साडी नवी आहे.”

काका उठले. हात दोन्ही कोटाच्या खिशात होते, उबेसाठी घातलेले, आणि आता बाहेर येत नव्हते. मेहुणा दारात उभा राहून बघत होता. काका गेले बाईंच्या मागोमाग. मेहुणाही गेला. मीही गेलो, कारण पेन्शनीत निघाल्यापासून मला काम नव्हतं.

दारापाशी काका म्हणाले, “बाई, माझ्या कोटाच्या वरच्या खिशातून पट्टी घ्या.”

“मी?”

“दार तुमचं, साडी तुमची. परक्यानं हात लावलेला दाराला आवडत नाही. पट्टी फटीत घाला. कुलपाच्या वर. आता खाली आणा. अडली? तिथंच धरा. दार स्वतःकडं ओढा, रागावलेल्या पोराला ओढतो तसं, जोरात नको. आता पट्टी आत दाबा.”

खट् झालं आणि दार उघडलं. साडी वाचली. इस्त्रीखाली फक्त नकाशा उमटला होता.

बाईंनी शाळेत जाऊन सगळ्या शिक्षकखोलीला सांगितलं, “हात लावला नाही हो. खिशातून काढलासुद्धा नाही.” संध्याकाळपर्यंत ते झालं, “नुसतं बोलतात आणि कुलूप उघडतं.” आठवडा संपायच्या आत झालं, “नुसतं बघतात.” हा माझा दोष नाही. मी फक्त ‘डोळे मिटूनही जमतं त्यांना’ एवढंच जोडलं होतं.

मग काय, सकाळी सकाळी रांग. काकांना वाटलं होतं लोक पांगतील, पण जितकं ते हात लावायचं टाळत तितकी कीर्ती वाढत होती. लोक पेट्या आणायचे, बॅगा आणायचे. एक बाई तर नवऱ्याला घेऊन आल्या. “तीन महिने तोंड उघडलं नाही यांनी. बघा काही होतंय का.”

काकांनी नवऱ्याकडं पाहिलं, मग बाईंकडं. “तुम्ही जरा तो सायकलवाला दिसतोय ना, त्याच्यापर्यंत जाऊन या.”

बाई जाऊन आल्या तोवर नवरा इतकं बोलला होता की काकांना त्याला थांबवावं लागलं.

अकरानंतर मात्र रांग संपलेली असायची आणि दुकानात कुणी नसताना काका एकटे तारेनं कुलपं उघडून बघायचे, हात अजून आपलेच आहेत ना याची खात्री करायला. रात्री दुखायचं, सकाळी दुखायचं, मधे जे दुखायचं ते काका हिशेबात धरत नव्हते. त्यांना भीती एकाच गोष्टीची. हात गेले तर गाळा गेला, आणि गाळा गेला तर आपण कोण, असा तो प्रश्न होता.

मेहुण्याला वेगळंच सुचलं. त्यानं स्वतःच्या खर्चानं फलक रंगवून आणला: ‘हात न लावता कुलूप उघडून मिळेल. रविवारी सकाळी नऊ वाजता जाहीर प्रयोग.’ फर्निचरवाल्याची जुनी तिजोरी, किल्ली हरवलेली, हातगाडीवरून आणून दुकानापुढं ठेवली.

“दाजी, लोक कव्हरंही बघतील येता-जाता.”

“अकराला ठेव ना.”

“अकराला उन्हात कोण थांबतं? का, नऊला काय झालं?”

“नऊला काय व्हायचंय,” काका म्हणाले, आणि त्यांनी हात पाठीमागं घेतले.

रविवार आला. लोक इतके जमले की मागच्या ओळीतल्यांना पुढच्यांकडून बातमी विचारावी लागत होती. काका दुकानामागच्या न्हाणीघरात शिरले. तिथं गरम पाण्याचा नळ होता, आणि गरम पाण्यात हात धरले की बोटं थोडी लवकर जागी होतात हे त्यांना कळलं होतं. कुणी आत येऊ नये म्हणून त्यांनी दार पाठीनं ढकललं आणि कोपरानं दाराच्या मुठीतलं कुलपाचं बटण दाबलं. गोल मूठ, पितळेची, गुळगुळीत. त्यांनीच बसवलेली. हात शेकून झाले, बोटं सुजलेली ती सुजलेलीच, वर ओली आणि लालबुंद. आणि ती मूठ फिरेना.

त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून पाहिलं. कोपरात धरून पाहिलं. हनुवटी लावली. गुडघे लावावे म्हटलं तर गुडघ्यांनीही आजच संप पुकारलेला. शहरातलं कुठलंही दार उघडणारा माणूस स्वतःच्या न्हाणीघरात अडकला होता.

“दाजी, लोक थांबलेत,” बाहेरून मेहुणा.

“आलो.”

“अहो, आलो आलो म्हणताय, पण येत नाही.”

मागच्या कुणीतरी ऐकलं आणि तो ओरडला, “आतूनच दाखवणार आहेत रे. आधी हे दार उघडणार, मग तिजोरी.” झालं. सगळी गर्दी तिजोरीकडं पाठ करून, दुकानातून आरपार दिसणाऱ्या न्हाणीघराच्या दाराकडं बघायला लागली. कुणी खोकलासुद्धा नाही. शाळेच्या बाईंनी तर हात जोडले.

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. गर्दी बाजूला करत दारापाशी गेल्या आणि डोकं टेकवून हळूच म्हणाल्या, “बोटं वळत नाहीत का?”

आतून काका, “कुणाची?”

“माझी नाही.”

“तुला कुणी सांगितलं?”

“महिना झाला, कप दोन्ही तळव्यांत धरून पिताय. टॉवेल पिळत नाही. आणि स्क्रूच्या डब्यात कुणी गोळ्या ठेवतं का? मी रोज मोजून बघते, घेताय का नाही ते.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही लपवायला इतके कष्ट घेत होतात. म्हटलं, तेवढाच व्यायाम.”

“हळू बोल. तुझा भाऊ आहे बाहेर. गाळा जाईल.”

“बाबा काय म्हणाले होते? दुकानात कुलपं उघडताहेत तोवर. कुणाच्या हातानं, ते कुठं म्हणाले?” आणि काकूंनी केसातला आकडा काढला. “जेवायला बसता तेव्हा गिऱ्हाईक कोण बघतं इतकी वर्षं?”

“थांब, सांगतो. मुठीच्या मधोमध बारीक भोक आहे, त्यात...”

“गप्प बसा. ऐकू येत नाही मला.”

आकडा आत गेला, खट् झालं, दार उघडलं. दारात काका, कोपरांपर्यंत ओले, हात पुढं धरलेले, बोटं लाल आणि फुगलेली. लोकांनी ते हात पाहिले. शाळेच्या बाई म्हणाल्या, “म्हणजे त्या दिवशी खिशातून...”

“निघत नव्हते,” काका म्हणाले. “सकाळचे हे हात माझे नसतात. संधिवात आहे मला. बरेच दिवस झाले.”

मला वाटलं, आता लोक खवळणार. पण आजारी माणूस दिसला की आपले लोक खवळत नाहीत, औषध सांगतात. कुणी म्हणालं खिशात कच्चा बटाटा ठेवा, कुणी म्हणालं तांब्याची अंगठी घाला. एकाच्या आत्यानं पहाटे ओल्या गवतावर चालून गुण घेतला होता. दुसऱ्याच्या काकांना टोमॅटो सोडल्यावर बरं वाटलं होतं, पण ते नंतर ट्रकखाली गेले. जो तो पुढं येऊन काकांचा हात दाबून बघत होता, आणि काका प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘हो, हो’ म्हणत होते. शेवटी काकूंनी सगळ्यांना लांब केलं. “डॉक्टरांचं चालू आहे. आणि हात दाबू नका, दुखतात.”

मग तिजोरीपुढं स्टुलं मांडली. काका सांगणार, काकू करणार.

“डावीकडं जरा.”

“कळतंय मला.”

“हलका हात ठेव.”

“तुमच्याच हाताखाली शिकलेय.”

मेहुणा बघत उभा होता. “ताई, तुला हे येतं?”

“तू ती कव्हरं आवर आधी, मला उजेड येत नाही.”

अकरा वाजेपर्यंत दोघं त्या तिजोरीला बिलगून होते. शेवटची कळ राहिली तेव्हा काकू सरकल्या, आणि काकांनी दोन बोटं पुढं केली. बोटं वळली. तिजोरी उघडली. आत काही नव्हतं, पण टाळ्या अशा वाजल्या की पलीकडच्या रस्त्यावरची तीन कुलपं आपोआप उघडली. त्या दिवसापासून सकाळी दुकान काकूंचं आणि अकरानंतर काकांचं. मेहुणा आता भिंतीपलीकडून दोघांचीही तब्येत विचारतो. आणि सांगायची खरी गोष्ट पुढंच आहे. त्या तिजोरीचं दार उघडलं तसं काकांचं दुखणंही जे पळालं ते पुन्हा फिरकलं नाही. सूज गेली, गोळ्या बंद झाल्या, आता तर पहाटे उठून काका अंधारात सुईत दोरा...

“आजोबा, एवढं नका हो फेकू,” काकू कानस न थांबवता म्हणाल्या. “दुखणं कुठं गेलेलं नाही. आज सकाळी शर्टाची बटणं मी लावली त्यांच्या. शेवटचं मीच लावतो म्हणाले. अजून घरी तेच लावत बसलेत.”