दोराच्या चढाओढीची हकीकत

॥ श्री ॥ मारुतीराया प्रसन्न असोत, ऐकणारांची हाडे शाबूत असोत. शके अठराशे अठरा, दुर्मुख नाम संवत्सरे, एके राज्यी वर्तमान ऐसे जाहले की संवत्सर दुर्मुख, परंतु रयत बहुत हसली. सरकारस्वारी परमुलुखी गेली होती, तेथून कसरतीची नवी साधने घेऊन आली, मुंडके नसलेला लाकडी घोडा, जोडदांड्या, टांगत्या कड्या आणि दोन उंच दोर. मग पाडव्यास हुकूम जाहला की, "अक्षय्य तृतीयेस यांजवर सामने करावे, जो सरस ठरेल त्यास तालमीची मुखत्यारी द्यावी."

ते समयी सुभानजी काटे म्हणून पागेतले जुने स्वार होते, मल्लखांबात नामांकित, परंतु गुडघा दुखावल्याने पागेतून उतरले होते. तालमीची जागा न मिळती तर जावयाचे घरी जाऊन राहणे प्राप्त होते, आणि त्या विचाराने त्यांस घास गोड लागेना. लाकडी घोडा पाहून त्यांनी मिशीस पीळ दिला आणि बोलिले, "हा दाणा खात नाही, लाथ मारीत नाही, यास काय भ्यावे?" ऐसे म्हणोन उडी घातली, ती पलीकडे मातीत तोंडघशी पडले. मग मात्र रोज त्या घोड्यास अदबीने मुजरा करून सराव धरला, आणि घोडा वश जाहला.

सामन्याचे दिवशी मर्द बहुत जमले आणि बहुत आपटले. घोडा, दांड्या, कड्या होऊन दोघेच बरोबरीत उरले, सुभानजी आणि राणोजी निकम, हे राणोजी तरणेबांड, अंगाने शिडशिडीत. राहिला दोर. राणोजी सरसर चढोन आधी पोहोचले, परंतु पाय चहूकडे फेकले. सुभानजी मागाहून, पाय सरळ जुळवून, पालखीत बसल्यासारखे डौलाने गेले. परीक्षक बाळंभट आगाशे बोलिले, "आधी पोहोचला तो सरस." दुसरे परीक्षक दौलतराव सुर्वे उसळले, "वेगच पाहणे तर कुत्रे मागे लागलेला मनुष्य आणावा! डौल पाहा, डौल!" तंटा मिटेना. सरकारांनी फर्माविले, "दोघांनी पुन्हा चढावे."

सुभानजी मनी म्हणाले, डौल आपणांस बुडवणार, आता धावावे. मग गुडघ्याची पर्वा न करिता, बेडकासारखे पाय झाडीत, धापा टाकीत शेंड्यास जाऊन भिडले आणि खाली पाहतात तो राणोजी अर्ध्या दोरावर, पाय जुळवून, नवरदेवासारखे संथ येत आहेत.

"राणोजी, हे काय आरंभिले?"

"काका, तुमचेच पाहून शिकलो!"

"अरे, आणि मी तुझे!"

सुभानजींस हसू ऐसे फुटले की हात सुटता सुटता राहिला. खाली बाळंभट ओरडले, "सुभानजी सरस!" आणि दौलतराव ओरडले, "राणोजी सरस!" तेव्हा सरकारांस हसता हसता ठसका लागला, आणि हुकूम जाहला की तालीम दोघांनी मिळोन चालवावी, घोडा काट्यांनी शिकवावा, दोर निकमांनी.

येणेप्रमाणे त्या राज्यी दोरावर वेग पाहावा आणि अन्य साधनांवर डौल, ऐसा शिरस्ता पडला. मुखत्यार दोघे एका ताटात जेवू लागले. परीक्षक मात्र अद्याप एकमेकांशी बोलत नाहीत. इति.