सत्तेचाळीस नंबरची हजेरी

विद्यार्थी मंडळ कसं चालवावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! ही फुशारकी नाही. बासष्ट साली पार्ल्याच्या आमच्या कॉलेजात मी, विद्याधर टिपणीस, एकशे बारा मतांच्या आघाडीनं जनरल सेक्रेटरी झालो, तेव्हापासून हे माझं ठाम मत आहे. त्यानंतर जे घडलं त्यामुळे ते बदलायला हवं होतं, पण माणसानं एवढ्यातेवढ्यानं मत बदलू नये.

मंडळाला जिन्याखालची एक खोली होती. तिच्यात एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक कॅरमबोर्ड. माझ्या आधीच्या सेक्रेटऱ्यांनी आयुष्यभर दोनच प्रश्न हाताळले होते : कॅरमची पावडर आणि गॅदरिंगचं नाटक. मी पहिल्याच सभेत टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "यापुढे हे मंडळ सभासदांची दुःखं घेऊन प्रिन्सिपॉलसाहेबांच्या दारात उभं राहील!"

"अहो जी. एस., आधी कुणाला दुःख आहे का ते तरी विचारा," पद्मजा म्हणाली. पद्मजा मुलींची प्रतिनिधी. ती आमच्याच आळीतली, लहानपणी माझ्या चिंचा चोरून खाल्लेली. पण कॉलेजात आली की मला 'अहो जी. एस.' म्हणायची आणि ते शिवीसारखं ऐकू यायचं.

दुःख आलं ते वर्ष सरत आल्यावर. नोटीस लागली : ज्याची हजेरी पाऊणपट भरणार नाही, त्याला टर्म मिळणार नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता येणार नाही. आणि त्या नोटिशीच्या मागोमाग बाळा घाडी खोलीत आला.

बाळा मालवणकडचा. घाटकोपरला मामाकडे राहायचा आणि पहाटे सरकारी दूधकेंद्रावर बाटल्या वाटायचा. दुधाची लॉरी लवकर आली तर दुसऱ्या तासाला पोचायचा, उशिरा आली तर तिसऱ्या. पहिला तास त्यानं वर्षभरात डोळ्यांनी पाहिला नव्हता.

"माझी टर्म गेली रे, विद्याधर," तो म्हणाला. "मामान सांगून ठेवल्यान हा, एक टर्म गेली तर शिक्षाण बंद. माका गिरणीत बदली कामगार म्हणून लावतलो. आवशीक मी काय सांगू?"

खरं सांगतो, तोवर मला मंडळ म्हणजे गंमत वाटत होती. पण या मुलाचं पुढचं सगळं आयुष्य एका कागदावर लटकलं होतं.

"घाबरू नको," मी म्हणालो. "मंडळ तुझ्या पाठीशी आहे!"

रात्री जागून मी अर्ज लिहिला. काय अर्ज होता! 'आमचे सभासद श्री. बाळा घाडी (रोल नंबर सत्तेचाळीस) हे उदरनिर्वाहासाठी पहाटे कष्ट करीत असल्याने पहिल्या तासास वर्षभर एकही दिवस उपस्थित राहू शकलेले नाहीत.' 'एकही दिवस' याच्याखाली मी दोन रेघा मारल्या. सकाळी पद्मजाला वाचून दाखवला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण ऑफिसात जाऊन आधी हजेरीपट बघितलात का?"

"त्यात काय बघायचंय? तो येत नाही हे अख्ख्या कॉलेजला माहीत आहे!"

"तरी बघा."

बायकांना मेली प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय, असं मी मनात म्हणालो. उघड म्हणण्याची छाती नव्हती. अर्जाचे कागद वर्गावर्गात फिरवले. दोन दिवसांत सह्यांचा हा गठ्ठा! मी तो छातीशी धरून प्रिन्सिपॉल खांडेपारकरांच्या खोलीत शिरलो.

साहेबांनी अर्ज सावकाश वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"जनरल सेक्रेटरी, बसा. आपल्या कॉलेजात विद्यार्थी किती?"

"पाचशे चाळीस, सर."

"सह्या सहाशे अकरा आहेत."

"उत्साह, सर!"

"हं. यात माझ्या चिरंजीवांचीही सही आहे. ते पुण्याला शिकतात."

आमच्या कॉलेजची रीतच तशी होती हो! जो हजर नसेल त्याच्या वतीनं मित्रानं उरकून टाकायचं. त्याला आम्ही प्रॉक्सी म्हणायचो आणि तो मैत्रीचा धर्म समजायचो. शेजारचा आज आला नाही? टाक त्याची सही!

"आणि खुद्द घाडींच्या अकरा सह्या आहेत," साहेब म्हणाले. "अकरा वेगवेगळ्या अक्षरांत. फार लोकप्रिय दिसतात. अण्णा, जरा हजेरीपट आणा हो."

अण्णा म्हणजे हेडक्लार्क. ते ओठांवर तपकिरीचा रुमाल दाबत आले. त्यांनी पट उघडला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "नंबर सत्तेचाळीस. पहिला तास. हजेरी शेकडा शहाण्णव."

"किती?" मी किंचाळलो.

"शहाण्णव. कॉलेजात पहिला."

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. अहो, पोरांनी त्या बाळाच्या नावानं वर्षभर 'येस सर' ठोकलं होतं! एक विसरला तर दुसरा. बाळाला पत्ता नाही, मंडळाच्या खोलीत बसणाऱ्या मला पत्ता नाही. त्याची टर्म मजेत शाबूत होती, आणि मी! मी दोन रेघा मारून, सहाशे अकरा सह्यांनिशी, तो एकही दिवस आला नाही असं लिहून दिलं होतं!

"आता असं आहे," साहेब म्हणाले, "की एक तर हा पट खोटा किंवा तुमचा अर्ज खोटा. पट खोटा असेल तर घाडींची टर्म गेली. नुसती टर्म नाही, नावही काढावं लागेल."

"अर्ज खोटा आहे, सर!" मी एका दमात म्हणालो. "साफ खोटा! मीच लिहिलाय, मला माहीत आहे!"

"वा. मग उद्या पहिल्या तासाला मी स्वतः हजेरी घेतो. घाडी नेहमीप्रमाणे हजर असतीलच."

"असतील, सर."

मी दारापर्यंत पोचलो तोच अण्णांनी पटातून मान वर केली. "साहेब, हे टिपणीस... नंबर चौऱ्याण्णव. यांची हजेरी अगदी काठावर आहे. मंडळाच्या कामात बुडालेली दिसते."

"असं? मग जनरल सेक्रेटरी, यापुढे एकही तास चुकवू नका. चुकवलात तर टर्म विसरा."

म्हणजे बघा! सबंध कॉलेज त्या बाळासाठी 'येस सर' म्हणत होतं, आणि मी सगळ्यांचा प्रतिनिधी, तर माझ्यासाठी एकाचंही तोंड उघडलं नव्हतं. मी कॉलेजच्या आवारात असायचोच ना, मग याला कशाला प्रॉक्सी, असा त्या गाढवांचा हिशेब!

पण तेव्हा रागवायलाही वेळ नव्हता. मी सायकल काढली, साकीनाक्यावरून म्हशींच्या गाड्या चुकवत घाटकोपर गाठलं. बाळा घरी नव्हता. त्याच्या मामी, जानकीबाई, दारात सुकट निवडत बसल्या होत्या.

"मामी, बाळाला सांगा, उद्या काही झालं तरी आठला वर्गात हजर राहा. नाहीतर वाट लागली!"

"सांगतंय हां," त्या म्हणाल्या. "तू जेवन जातंस?"

त्यांनी निरोप किती मनावर घेतला ते मला कळेना. सुकट मात्र उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी पावणेआठलाच मी वर्गात. बाळा नाही. मी मित्रांना विनवलं, "अरे, आज एकदा बाळाची प्रॉक्सी मारा!"

"साहेबांसमोर? वेड लागलंय काय तुला!" नंदकुमार म्हणाला. वर्षभर बाळाच्या 'येस सर'ची पहाटपाळी सांभाळणारा गडी ऐन वेळी उलटला.

आठ वाजले. साहेब आले. बाळा नाही. एक, दोन, तीन करत नंबर पुढे सरकू लागले. चाळीस झाले. पंचेचाळीस झाले. माझ्या डोळ्यांसमोर बाळाची मालवणातली आई उभी राहिली, जिला मी कधी पाहिलीही नव्हती. मी पेन पडल्यासारखं केलं, बाकाखाली वाकलो आणि थांबलो.

"सत्तेचाळीस!"

"येस सर!" मी बाकाखालून, घशात मालवणी आणून ओरडलो.

"येस सर!" मागच्या दारातून दुसरा आवाज आला.

मी बाकाच्या फटीतून बघितलं. बाळा! दारात, धापा टाकत, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. लॉरीची वाट न बघता पोरगं केंद्रावर बरोबर काम करणाऱ्या मुलीवर सगळं टाकून धावत आलं होतं!

साहेबांनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं. मग बाकांकडे पाहिलं.

"घाडी, बसा. आज तुम्ही जरा जास्तच हजर आहात."

आणि ते पुढे गेले. साठ, सत्तर, ऐंशी. मी बाकाखाली, गुडघे हनुवटीला लावून. आता हळूच वर यावं, असा विचार चालला होता, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मी वर आलो की ते विचारणार, खाली काय करत होतात? 'येस सर' म्हणालो की आवाज ओळखणार. मग सत्तेचाळीसची शहाण्णव टक्के हजेरी कुणाकुणाची ते ओळीनं बाहेर येणार आणि बाळा थेट गिरणीत.

"चौऱ्याण्णव!"

मी रुमाल तोंडात कोंबला.

"चौऱ्याण्णव? टिपणीस?"

मुलींच्या बाकांवरून पद्मजा माझ्याकडे वाकून बघत होती. तिचे डोळे चक्क भरून आले होते. निदान मला तसं वाटलं. हसू दाबतानाही माणसाचे डोळे भरतात, हे मला नंतर कळलं.

"गैरहजर," साहेब म्हणाले आणि लेखणी फिरली. पट मिटून ते दारापर्यंत गेले, वळले. "जनरल सेक्रेटरी कुणाला भेटले तर त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, सभासदाची बाजू फार छान मांडलीत."

बाळाची टर्म वाचली. माझी गेली. घरी वडिलांनी कारण विचारलं तेव्हा मी 'लोकसेवा' म्हणालो, आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते इथं छापण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच वर्गात, त्याच बाकावर. बाळा वरच्या वर्गात गेला आणि तीनशे मतांच्या आघाडीनं जनरल सेक्रेटरी झाला. त्यातली किती मतं हजर असलेल्यांची होती, हे मी विचारलं नाही. मी एक साधा सभासद म्हणून जिन्याखालच्या खोलीत गेलो आणि माझा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. गेलेली टर्म परत मिळावी, खाली दोन रेघा.

बाळानं तो वाचलासुद्धा नाही. कॅरमची सोंगटी सारत म्हणाला, "अर्ज मागसून. आदी हजेरीपट बघलंस?"