छुट्टीवरचे पंखे

आमच्या शेजारच्या नानांच्या घरातले पंखे दिवाळीनंतर छुट्टीवर जातात. शब्द नानांचाच. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्टुलावर चढून चारही पंखे पुसणार, प्रत्येक पात्याला कापडी खोळ चढवणार, नाडी घट्ट बांधणार आणि खाली उतरून जाहीर करणार, "चला, आता सीधे रंगपंचमीला!" मधल्या काळात घरात कोणीही तळमळो, पंखा लागत नाही.

नाना रेल्वेत गार्ड होते. गाडी सुटली, पण शिस्त सुटली नाही. आमच्या दारात आले तरी आधी विचारतात, "लाइन क्लियर?" इथे महाकालाच्या गावी, माधवनगरात, आमची त्यांची भिंत एक. लग्नानंतरही मी हे घर सोडलं नाही, नवराच इथे आला. त्यामुळे लहानपणापासून स्टूल धरायचं काम माझ्याकडे होतं. खोळी कुसुमकाकूंनी शिवलेल्या, भेरूगढच्या जुन्या छापील चादरी फाडून. काम झालं की काकू माझ्या हातावर उरलेला बेसनाचा लाडू ठेवायच्या. तसला लाडू पुन्हा खायला मिळाला नाही.

नानांना काकूंचा भारी अभिमान. ऐन जानेवारीत, पहाटे चारला, भस्मारतीच्या वेळेला, काकू नुसत्या साडीवर छतावर जाऊन उभ्या राहायच्या. नाना सगळ्या मोहल्ल्याला सांगायचे, "आमची कुसुम म्हणजे पक्की भक्त! महाकालाकडे तोंड करून जप करते. स्वेटरसुद्धा नाही, बोला!"

काकू जाऊन आठ वर्षं झाली. पंखे मात्र दर वर्षी छुट्टीवर जातच राहिले.

मागच्या वर्षी नानांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. रेडिएशनचे शेक घेऊन झाले, मग दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू झालं. नाना डगमगले नाहीत. "गाडी लेट चालली आहे, रद्द नाही झाली," म्हणायचे. पण या हिवाळ्यात त्यांच्या छतावर रोज सकाळी दोन-दोन चादरी वाळत पडायला लागल्या, आणि एक दिवस ते डोक्यावर माकडटोपी आणि हातात स्वेटर अशा थाटात माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"लाइन क्लियर?"

"या ना, नाना."

मी पुढे केलेला चहा त्यांनी बाजूला सारला. मग म्हणाले, "सुमे, तुला काय सांगू बेटा. रात्री छातीत भट्टी पेटते. मान, पाठ, सब गीला. चादर बदलतो तर थंडी वाजते. घंट्याभरात फिर वही. डॉक्टर म्हणतो, इंजेक्शनमुळे होतं, खोली थंड ठेवा."

"मग पंखा लावा!"

"पंखे छुट्टीवर आहेत." हे अगदी गंभीरपणे. "आणि ऐक, सोमवारचं इंजेक्शन मी घेत नाही. बस्स झालं."

माझं डोकंच फिरलं. "नाना, इंजेक्शन सोडाल, पण खोळी नाही सोडणार? अहो, हे मला दोन वर्षांपासून रोज होतंय. पाळी जायच्या वयात बहुतेक बायकांना होतं. मी सुती गाऊन घालते, उशाशी पाणी ठेवते आणि सरळ पंखा लावते. नवरा रजाईत कुडकुडतो, कुडकुडू दे."

नाना खो खो हसले. मग एकदम थांबले.

"बहुतेक बायकांना?"

"हो."

"म्हणजे कुसुमला पण?"

माझे हात कणकेतच राहिले. मला ठाऊक होतं. काकूंनी माझ्या आईला सांगितलं होतं, "त्यांना बोलू नका हो, पंखे उठवले तर त्यांना झोप नाही लागायची." खोटं बोलावंसं फार वाटलं, पण त्या चेहऱ्यासमोर जमलं नाही.

"हो नाना. म्हणून त्या छतावर जायच्या."

"जप नव्हता?"

"नव्हता."

नाना उठले. "स्टूल काढ."

या वेळी मी चढले आणि स्टूल नानांनी धरलं. काकूंच्या पलंगावरच्या पंख्यापासून सुरुवात करायची, असा हुकूम झाला. नाड्या सोडताना काकूंची बारीक टीप बोटांना लागत होती, आणि मला रडू आवरेना.

"शिवताना घामाघूम झाली होती," खालून नाना म्हणाले. "मला वाटलं, मशीन चालवून." मग स्टूल घट्ट धरत म्हणाले, "सोमवारी किती वाजता निघायचं?"

"दहाला. मी येते बरोबर."

त्या पंख्याच्या तिन्ही पात्यांच्या खोळी निघाल्या. नानांनी त्यांची घडी करून काकूंच्या उशीवर ठेवली आणि पंखा थेट पाचावर केला. खोलीभर गार वारा सुटला. नाना माकडटोपी घालून त्या रिकाम्या पलंगाशी उभे राहिले, आणि वर छताकडे तोंड करून म्हणाले, "लाइन क्लियर आहे, कुसुम. ये आता खाली."