जावयाने काढलेला बोल्ट

गाडीचं मागचं चाक बसलेलं पाहून जावयाला मनातून बरंच वाटलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सासुरवाडीत आजवर त्याला कुणी साधी खुर्चीसुद्धा सरकवू दिली नव्हती. बायकोची साडेअकराला शेजारच्या गावात मुलाखत होती, मुख्याध्यापिकेच्या जागेची. सासरे केस कापायला गेले होते आणि त्यांची जुनी गाडी अंगणात एका अंगावर कलली होती.

“मेकॅनिकला बोलवू का?” सासूबाईंनी दारातून विचारलं.

“छे हो आई. चार बोल्ट तर आहेत. पाच मिनिटांचं काम.”

तो विमा कचेरीत अपघातांचे अर्ज तपासायचा. त्यामुळे गाड्यांमधलं आपल्याला कळतं, असा त्याचा प्रामाणिक समज होता. त्याने पहिल्या बोल्टला पाना लावला, श्वास रोखून जोर केला. बोल्ट ढिम्म. कानशिलं लाल होईपर्यंत पुन्हा जोर केला.

सासूबाई काही वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “दुसऱ्या बाजूनं बघता का जरा?”

जावई उठला, गाडीला वळसा घालून गेला आणि पलीकडचं चाक नीट निरखून परत आला. “ते ठीक आहे,” म्हणाला.

“हो का? बरं झालं.” सासूबाई पाणी आणायला आत गेल्या. जावयाला तोंडावर ‘तुम्ही उलटं फिरवताय’ म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

तेवढ्यात जावई पान्यावर उभा राहिला. पाना सटकला, जावई मागे ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत बसला आणि बोल्टचे सगळे कोपरे झिजून तो गोटीसारखा गुळगुळीत झाला. ओल्या पँटीने उठताना त्याच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. इकडेतिकडे बघत त्याने उरलेल्या तिघांना दुसऱ्या दिशेने फिरवलं. तिघेही शहाण्यासारखे निघाले. पहिला मात्र हटून बसला. मग त्याने त्या बोल्टवर लहान मापाचा पाना ठोकून बसवला, दांड्याला नळाचा पाइप जोडला आणि सगळं वजन टाकलं.

कट्ट.

बोल्टचं डोकं घरंगळत, पाणी घेऊन आलेल्या सासूबाईंच्या पायाशी गेलं. उरलेलं धड आतच.

“झालं का?” बायकोने खिडकीतून विचारलं. साडी नेसून, फाइल घेऊन ती तयार होती.

“तीन निघाले,” जावई म्हणाला. “चौथा अर्धा.”

सासूबाईंनी ते डोकं उचललं, मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि पदर खोचला. “तुमचे हात दुखले असतील. जरा टेका. मी नुसतं बघते.”

त्यांनी जॅक लावून गाडी उचलली आणि चाक ओढून बाजूला केलं. मोडका तुकडा बोटभर बाहेर डोकावत होता. आतून त्या एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. तुकड्याच्या बुडाशी तेलाचे चार थेंब सोडले, छोट्या हातोडीने टकटक केलं आणि चक्क हाताची घडी घालून बसल्या.

“आई, साडेदहा होत आले,” बायको खिडकीतून म्हणाली.

“त्याला तेल पिऊ दे.”

दहा मिनिटांनी त्यांनी कानस घेतली. तुकड्याच्या दोन्ही बाजू घासून सपाट केल्या, इतक्या समान की जावयाने मान वाकडी करून पाहिलं तरी फरक सापडेना. त्यावर पाना अडकवला. तुकडा किंचित सोडवला, पुन्हा किंचित आवळला, पुन्हा सोडवला. कुठे घाई नाही, कुठे दम लागणं नाही. कुरकुरणारा तुकडा हळूहळू गप्प झाला आणि शेवटी त्यांच्या दोन बोटांतच आला.

जावई पाहतच राहिला. “आई, हे कुठं शिकलात?”

“कारखान्यात. अठरा वर्षं होते ना.”

“पण तो तर कपड्यांचा होता.”

“कपडे बायका शिवायच्या. मशिनी मी दुरुस्त करायचे. स्क्रू मोडणं रोजचंच.” त्यांनी डब्यातून त्याच मापाचा बोल्ट शोधून काढला. “आता आवळायचं तेवढं तुम्ही करा. जड काम आहे.”

सहा वर्षं यांच्या हातचं आयतं खाल्लं आणि एकदाही काही विचारलं नाही, या विचाराने जावई खजील झाला. त्याने निमूटपणे जादाचं चाक चढवून बोल्ट आवळले. सासूबाईंनी मागून प्रत्येक बोल्ट बोटाने चाचपून पाहिला, पण त्याला दिसणार नाही असा. बायको पाच मिनिटं आधी मुलाखतीला पोचली.

संध्याकाळी शेजारचे काका आले. “मोडका बोल्ट काढलात म्हणे. तुमच्या सासूबाईंनीच सांगितलं. हात अगदी सासऱ्यांसारखा आहे तुमचा.”

“नाही हो काका, तो तर आईंनी...”

“आमच्याही गाडीचा एक मोडलाय,” काकांनी ऐकून घेतलं नाही. “इंजिनाजवळचा.”

“सकाळी आणा,” सासरे वर्तमानपत्रातून म्हणाले. “आम्ही दोघं बघतो.”

काका समाधानाने गेले. जावई सासऱ्यांकडे आ वासून बघत राहिला.

“असं काय बघताय?” सासऱ्यांनी आवाज खाली आणला. “तीस वर्षं झाली. मी बाजूला उभा राहतो आणि मधूनमधून ‘हं’ म्हणतो.” मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवून, फार जपून विचारलं, “अगं, उद्या सकाळी सवड आहे का तुला?”