डबे रिकामे परत पाठवा!

"एकही प्लास्टिकची पिशवी नको! डबे जातील तसे परत येतील. रिकामे, घासूनपुसून!" मालिनीबाईंनी पदर खोचून जाहीर केलं.

त्यांची सून मृण्मयी पूरग्रस्तांना शिधा पोचवणाऱ्या संस्थेत होती. पूर ओसरतो, पण मदतीच्या पिशव्यांचा कचरा गावात तसाच राहतो, हे तिचं दुखणं. संस्थेच्या साहेबांनी डब्यांना एका फेरीपुरती परवानगी दिली होती. डबे रिकामे परत आले तर तेच पुढच्या गावाला, नाहीतर पुन्हा प्लास्टिक!

पंचवटीतल्या घराघरांतून डबे निघाले. रुखवतातले, चिवड्याचे, एकावर तर मालिनीबाईंच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. डाळ-तांदूळ भरून सोमाचा टेम्पो नदीकाठच्या गावाला गेला.

टेम्पो परतला तेव्हा साहेब जातीनं हजर! मालिनीबाईंनी ऐटीत झाकण उघडलं आणि कांदे टणाटण उड्या मारत साहेबांच्या बुटांवर! दुसऱ्या डब्यात शेंगा. तिसऱ्यात बाजरीच्या भाकरी आणि ठेचा!

"सोमा, अरे हे काय?"

"मी काय करू, आजी? रिकामा डबा कोणी हातात देईचना!"

मालिनीबाईंनी गावातल्या मालनबाईंना फोन लावला. तिकडचं वाटप त्याच बघत होत्या.

"अहो, डबे रिकामे पाठवायचे होते!"

"रिकामे?" मालनबाई कडाडल्या. "पाणी घरात शिरलं, ताई, रीत नाय वाहून गेली! माळावरची कांद्याची चाळ वाचली हाय आमची. कांदं खा गपगुमान!"

मालिनीबाईंनी फोन ठेवला. त्यांच्या आईनं तरी शेजारची वाटी कधी चिमूटभर साखरेशिवाय परत केली होती?

मृण्मयीचा चेहरा उतरला. साहेब मात्र ठेच्यानं वाहणारं नाक पुसत होते. "आणखी एक फेरी करून बघा," ते म्हणाले. "आणि... आणखी एक भाकरी आहे का?"

या खेपेला मालिनीबाईंनी मालनबाईंना गोदामाईची शपथच घातली. आणि काय सांगावं! डबे आले ते लखलखीत, रिकामे! साहेब खूश. पुढच्या गावाला डबेच जाणार! मृण्मयीनं सासूला मिठी मारली.

तेवढ्यात सोमा टेम्पोतून आणखी काहीतरी उतरवू लागला. मालनबाईंनी शपथ पाळली होती. कांदे वेगळे पाठवले होते, भल्या थोरल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत!

"आई!" मृण्मयी किंचाळली. "या पिशव्या आत्ताच्या आत्ता परत पाठवा!"

"पाठवते गं," मालिनीबाई कढई शोधत पुटपुटल्या. "जरा लाडू वळून होऊ देत. रिकाम्या कशा पाठवायच्या?"