हरणाचं राउंडअबाउट

"मॅप लावायचा? मी? अण्णा, अठरा वर्षं झाली मला दोह्यात!" मच्छिंद्र असा भडकला की गाडीत शेजारी बसलेल्या अण्णांनी विषयच सोडला.

अण्णा म्हणजे त्याचे सासरे, बायकोचे, अंतराचे वडील. सिन्नरच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता आणि जावयाला बंदरातल्या कंटेनरपलीकडे काही कळत नाही, हे त्यांचं लग्नापासूनचं मत होतं. संध्याकाळी त्यांचं परतीचं विमान. त्याआधी त्यांना नवं म्युझियम दाखवून ते मत पुसायचंच, म्हणून पठ्ठ्यानं रजा टाकली होती.

"हे गाव मोत्यांवर जगायचं, अण्णा. माणसं दम कोंडून समुद्रात बुड्या मारायची. मग जपान्यांनी मोती पिकवायला घेतले आणि इथल्या चुली विझल्या. पुढं तेल लागलं म्हणून... अरे! हरणाचं राउंडअबाउट कुठं गेलं?"

दोह्यातली जुनी माणसं रस्त्यांची नावं पाठ करत नाहीत. हरणाच्या पुतळ्याला वळसा घालायचा आणि दुसऱ्या फाट्याला सुटायचं, संपलं. पण मच्छिंद्रनं पाच वर्षं घर आणि हमद पोर्टवरची नोकरी एवढंच केलं होतं. वर्ल्ड कपपायी गावात काय उलथापालथ चाललीय, याची त्या बापड्याला कल्पनाच नव्हती. एका डायव्हर्जननं त्याला उजवीकडे ढकललं, दुसऱ्यानं पुलावर चढवलं आणि पुलानं विमानतळाकडे उतरवलं. तासाभरात तीच क्रेन तीनदा आडवी आली.

"राउंडअबाउट उचलून नेतात म्हणजे काय? फुटबॉल काय चौकात खेळणारेत?" संतापानं त्यानं भररस्त्यात गाडी थांबवली आणि तिथल्या कामगाराला विचारलं, "भाईसाब, वो हिरनवाला राउंडअबाउट किधर गया?"

तो हसला. "मराठी ना, साहेब? मी इकबाल, रत्नागिरीचा. राउंडअबाउट खलास! सिग्नल झाला. तुम्ही त्याच जागेवर उभे आहात. यल्ला, चला, गाडी काढा!"

मच्छिंद्रचा चेहरा पडला. "आता इथून कुठं वळायचं, तेच कळेना. राहिलं तुमचं म्युझियम, अण्णा."

अण्णा खाकरले. "मी परवाच पाहिलं. अंतराबरोबर, मेट्रोनं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची रजा वाया कशी घालवू? पण तुम्ही पाहिलंय का ते?"

मच्छिंद्रनं घाईघाईनं गिअर टाकला.

"वाटलंच. विमानतळावर पोचायला दीड तास आहे अजून. डावीकडे घ्या, तुम्हाला दाखवतो."